घर : व्युत्पत्ती व रूपावली

घर : मराठीतील एक अकारान्त नपुंसकलिंगी नाम. राहण्याची वास्तू, कुटुंब, वंश, एखादी वस्तू ठेवण्याची किंवा बसविण्याची जागा, पटावरील चौकोन इ. अर्थांनी ते वापरले जाते. हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी इ. बहुतेक आधुनिक इंडो-आर्यन भाषांत हाच शब्द थोड्याफार उच्चारभेदाने आढळतो. संस्कृत ‘गृह’ या शब्दावरून ‘घर’ आला, अशी समजूत रूढ आहे. मोल्झवर्थच्या कोशातही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) हीच व्युत्पत्ती दिलेली आहे. तथापि ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती अडचणीची असून, ‘गृह’ आणि ‘घर’ हे मुळात दोन वेगळे शब्द असावेत, असे मत विसाव्या शतकात मांडण्यात आले. ‘गृह’ या शब्दाचा संबंध जर्मानिक भाषांच्या पूर्वरूपातील ‘*गर्दज़्’ या नामाशी जोडला जातो. त्यामुळे ‘घर’ या शब्दाचा विचार करताना या पुनर्रचित नामाचा व त्याच्या रूपावलीचाही विचार करावा लागतो.

पुनर्रचित रूपे : ज्या भाषेचे लिखित अवशेष उपलब्ध नाहीत, त्या भाषेतील शब्द तिच्यापासून निघालेल्या भाषांची तुलना करून ठरविले जातात. अशा रूपांना पुनर्रचित रूपे म्हणतात. प्रत्यक्ष लेखनात सापडलेल्या रूपापासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून त्याच्या आधी तारांकन (*) देण्याची पद्धत आहे. ती रूढ होण्यास जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायखर (१८२१–६८) याचे लेखन मुख्यतः कारणीभूत ठरले. पुनर्रचित रूप हे उपलब्ध पुराव्याचा सर्वांत काटकसरीने उलगडा करणारे अनुमान असते. नवीन पुरावा मिळाल्यास ते बदलावे लागते. अशा रूपाची सिद्धता अर्थाच्या किंवा उच्चाराच्या वरवरच्या साम्यावर होत नाही. एका भाषेतील विशिष्ट ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत नियमाने कोणता ध्वनी येतो, हे अनेक शब्दांवरून दाखवावे लागते. नामाच्या बाबतीत त्याचे प्रत्ययही जुळावे लागतात.

संस्कृत ‘गृह’ : ऋग्वेदात ‘गृह’ हा शब्द पुल्लिंगी असून वास्तू या अर्थी तो पुष्कळदा अनेकवचनात येतो. अभिजात संस्कृतात तो सामान्यतः नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगात त्याचा वापर अनेकवचनातच करावा, असे अमरकोशात सांगितले आहे. एका घरासाठी अनेकवचन योजण्याची ही रीत, घर म्हणजे एका आवारातील अनेक खोल्या किंवा झोपड्या या जुन्या कल्पनेशी जुळणारी आहे.

‘गृह’ या शब्दातील ‘ह’ मूळचा नाही. संस्कृतातील पुष्कळ ‘ह’कार जुन्या ‘घ’, ‘ध’ किंवा ‘भ’ या महाप्राण व्यंजनांपासून आलेले आहेत. ‘धा’ (ठेवणे) या धातूपासून ‘हित’ हे रूप होते, हे याचे परिचित उदाहरण होय. ‘गृह’ शब्दात मूळचा ‘ध’ होता, याला अवेस्ता या प्राचीन इराणी ग्रंथातील ‘गेरेध’ हा शब्द पुरावा आहे. अवेस्तात तो दुष्ट शक्तींच्या बिळासारख्या वसतिस्थानाला उद्देशून येतो. यावरून ‘गृह’ चे भारत-इराणी पूर्वरूप ‘*गृध’ असे ठरते. संस्कृतात लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण व्यंजने आली असता त्यांपैकी पहिले अल्पप्राण होते, हा नियम हेर्मान ग्रासमान याने १८६३ साली मांडला. त्याच्या साहाय्याने एक पायरी आणखी मागे जाऊन ‘*घृधो-’ असे आदि-इंडो-यूरोपीय रूप कल्पिता येते. कुंपण घालणे, वेढणे असा या मूळ धातूचा अर्थ समजला जातो.

आदिजर्मानिक ‘*गर्दज़्’ : इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, गॉथिक इ. भाषा ज्या एका भाषेपासून निघाल्या, तिला आदिजर्मानिक हे नाव देण्यात येते. ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात उत्तर यूरोपात बोलली जात असावी. गॉथिक ‘गर्द्स’ (घर, कुटुंब), प्राचीन नॉर्स ‘गार्द्र’ (कुंपण, आवार, वाडा), प्राचीन इंग्रजी ‘गेआर्द’ (आवार) आणि प्राचीन जर्मन ‘गार्तो’ (बाग) या शब्दांच्या तुलनेने ‘*गर्द-’ हे मूळ अंग निश्चित होते. आधुनिक इंग्रजीतील ‘यार्ड’ (अंगण) व जर्मनमधील ‘गार्टेन’ (बाग) हे त्याच कुळातील होत. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने केलेल्या बायबलच्या गॉथिक अनुवादात ‘गर्द्स’ हा शब्द घर या अर्थी येतो. नॉर्स पुराणकथांतील ‘मिद्गार्द’ (मध्यलोक, मानवांचे जग) आणि ‘आस्गार्द’ (देवांचे निवासस्थान) या नावांचे उत्तरपद हेच आहे. जर्मानिक शाखेबाहेर स्लाव्ह भाषांतील ‘ग्रद’, ‘गोरोद’ (नगर) आणि लिथ्युएनियन ‘गर्दस’ (गुरांचा कोंडवाडा) हे शब्द याच कुळातील मानले जातात. रशियातील नॉव्हगोरोद या नगराच्या नावाचा अर्थ ‘नवे नगर’ असा आहे. कुंपण, कुंपणाच्या आतील जागा, त्या जागेतील घर आणि पुढे तटबंदीचे गाव असा हा अर्थविस्तार दिसतो.

या शब्दातील व्यंजने संस्कृतशी नियमाने जुळतात. आदि-इंडो-यूरोपीय भाषेतील सघोष महाप्राण व्यंजने जर्मानिक शाखेत महाप्राणत्व गमावतात. याकोप ग्रिम याने १८२२ साली व्यवस्थित मांडलेल्या ध्वनिनियमाचा हा एक भाग आहे. संस्कृत ‘विधवा’ व इंग्रजी ‘विडो’, संस्कृत ‘मधु’ व इंग्रजी ‘मीड’ (मधापासून केलेले मद्य) या जोड्यांत ‘ध’ च्या जागी ‘ड’ दिसतो, तो याच नियमामुळे. ‘*घोर्धो-’ यातील ‘घ’ चा ‘ग’, ‘ध’ चा ‘द’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ चा ‘अ’ होऊन ‘*गर्द-’ हे अंग सिद्ध होते. ‘गृह’ मध्ये धातूचा स्वर लोपून ‘ऋ’ उरला आहे, तर ‘*गर्दज़्’ मध्ये स्वर टिकून आहे. म्हणजे हे दोन शब्द एकाच धातूपासून झालेले असले, तरी त्यांची घडण तंतोतंत एक नाही.

जर्मानिक ‘द’ हा मूळच्या ‘त’ पासूनही येऊ शकतो. शब्दातील आघाताच्या स्थानानुसार हे परिवर्तन कसे होते, याचा उलगडा डॅनिश विद्वान कार्ल व्हेर्नर याने १८७५ साली केला. लॅटिन ‘हॉर्तुस’ (बाग) व ग्रीक ‘खॉर्तॉस’ (आवार) या शब्दांत ‘त’ आहे. ‘*गर्दज़्’ चा निकटचा आप्त ‘गृह’ की ‘हॉर्तुस’, याविषयी म्हणूनच मतभेद आहेत. जर्मानिक शाखेतील पुराव्यावरून या दोहोंपैकी एकाची निवड करता येत नाही.

‘*गर्दज़्’ ची रूपावली : हे नाम पुल्लिंगी असून त्याचा समावेश संस्कृतातील ‘देव’ सारख्या अकारान्त नामांच्या वर्गात होतो. संस्कृत पुल्लिंगी रूपांच्या शेजारी ठेवल्यास त्याची रूपे पुढीलप्रमाणे दिसतात :

प्रथमा, एकवचन — संस्कृत गृहः, आदिजर्मानिक *गर्दज़्
द्वितीया, एकवचन — गृहम्, *गर्दँ
तृतीया, एकवचन — गृहेण, *गर्दो
चतुर्थी, एकवचन — गृहाय, *गर्दइ
षष्ठी, एकवचन — गृहस्य, *गर्दस
प्रथमा, अनेकवचन — गृहाः; *गर्दोज़्
द्वितीया, अनेकवचन — गृहान्, *गर्दन्ज़्
तृतीया, अनेकवचन — गृहैः, *गर्दमिज़्
चतुर्थी, अनेकवचन — गृहेभ्यः, *गर्दमज़्
षष्ठी, अनेकवचन — गृहाणाम्, *गर्दोँ

प्रथमेच्या एकवचनातील संस्कृत विसर्ग मूळच्या ‘स्’ पासून आला आहे. लॅटिनमधील ‘-उस’ व ग्रीकमधील ‘-ऑस’ यांत तो ‘स्’ टिकून आहे. आघातहीन अक्षरात त्याचा आदिजर्मानिकमध्ये ‘ज़्’ झाला. पुढे गॉथिकमध्ये त्याचा पुन्हा ‘स’ झाला, नॉर्समध्ये ‘र’ झाला, तर इंग्रजीत तो लोपला. हा ‘-अज़्’ प्रत्यय मूळचा कल्पित असला, तरी त्याला दोन स्वतंत्र पुरावे मिळाले आहेत. डेन्मार्कमधील गालेहूस येथे १७३४ साली सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर रूनी लिपीत सु. इ. स. ४०० चा एक लेख होता. त्यातील ‘होल्तियज़्’ या नामात तो प्रत्यय प्रत्यक्ष कोरलेला होता. दुसरा पुरावा फिनिश भाषेतील आहे. फिनिश ही इंडो-यूरोपीय कुळातील भाषा नाही. पण तिने फार पूर्वी जर्मानिक शब्द उसने घेतले. त्यांपैकी ‘कुनिंगस’ (राजा) व ‘रेंगस’ (कडे) यांत मूळ प्रत्यय अद्यापि ‘-अस’ या रूपाने जिवंत आहे. इंग्रजीत ‘किंग’ व ‘रिंग’ हेच शब्द प्रत्ययहीन झालेले दिसतात.

अनेकवचनातील तृतीया व चतुर्थी यांच्या प्रत्ययांत संस्कृतात ‘भ’कार, तर जर्मानिकमध्ये ‘म’कार आहे. तृतीयेचा ‘भ’कार वैदिक ‘देवेभिः’ यासारख्या रूपांत दिसतो. बाल्टिक व स्लाव्ह भाषाही या बाबतीत जर्मानिकच्या बाजूच्या आहेत. गॉथिकमध्ये ‘गर्द्स’ चे अनेकवचन इकारान्त नामांप्रमाणे चालते. त्यामुळे या नामाचे एक इकारान्त रूपही प्राचीन काळी असावे, असे काही अभ्यासक मानतात.

‘घर’ आणि ‘गृह’ यांतील विसंगती : संस्कृत ‘ऋ’ चे प्राकृतात ‘अ’, ‘इ’ किंवा ‘उ’ यांपैकी एका स्वरात रूपांतर होते आणि व्यंजनानंतरचा त्यातील ‘र’ सामान्यतः शिल्लक राहत नाही. त्यानुसार ‘गृह’ पासून पालीत ‘गह’ व अर्धमागधीत ‘गिह’ ही रूपे झाली. ती नियमित आहेत. ‘घर’ मात्र त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे उभा असतो. तो ‘गृह’ पासून आणावयाचा, तर शेवटचा ‘ह’ पुढे ओढला जाऊन ‘ग’ चा ‘घ’ झाला आणि ‘र’ अपवादाने टिकला, अशा दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात.

‘घर’ हे रूप अर्वाचीन नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात, गृहस्थ या अर्थी, सौराष्ट्रातील गिरनार येथील पाठात ‘घरस्तानि’ असा, तर उत्तरेकडील कालसी येथील पाठात ‘गह’ पासून साधलेला शब्द आहे. म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकात पश्चिम भारतात ‘घर’ रूढ होता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नरच्या लेण्यांतील एका दानलेखात ‘गहपति’ व ‘चेतियघर’ (चैत्यगृह) हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. महाराष्ट्री प्राकृतातील गाहा सत्तसई या संग्रहातही घरधन्यासाठी ‘गहवइ’ आणि वास्तूसाठी ‘घर’ असा भेद कायम आहे. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र याने आपल्या प्राकृत व्याकरणात या भेदाची नोंद केली आहे. ‘गृह’ च्या जागी ‘घर’ येतो. परंतु पुढे ‘पति’ शब्द असल्यास येत नाही, असा त्याचा नियम आहे.

एकाच शब्दात एकाच व्यंजनगटाचे दोन परिणाम का व्हावेत, याचे कारण हेमचंद्राच्या नियमात मिळत नाही. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ रॅल्फ लिली टर्नर (१८८८–१९८३) याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा केली. ‘गहवइ’ हा शब्द ‘गृहपति’ या जुन्या समासाचा थेट वारस असल्याने त्यात ‘गृह’ चे नियमित रूप टिकले. ‘घर’ हा मात्र ‘*ग्व्होरो-’ (अग्नी, उष्णता, चूल) या निराळ्या इंडो-यूरोपीय नामापासून आला, असे त्याचे प्रतिपादन आहे. इंडो-आर्यन भाषांच्या त्याच्या तौलनिक कोशातही (१९६६) ‘घर’ ची नोंद ‘गृह’ पासून वेगळी आहे. संस्कृत ‘घर्म’ (उष्णता), ग्रीक ‘थेर्मॉस’ (उष्ण), लॅटिन ‘फॉर्नुस’ (भट्टी) हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याचेच हे नाम होय. ‘घर्म’ पासून मराठीत ‘घाम’ हा शब्द आला. टर्नरचे मत मान्य केल्यास मराठी ‘घर’ व ‘घाम’ हे एका धातूचे शब्द ठरतात आणि ‘घर’ चा ‘*गर्दज़्’ शी काही संबंध उरत नाही.

या मताच्या विरुद्धही मुद्दे आहेत. ‘घर’ हा शब्द संस्कृतात केवळ उत्तरकालीन व्याकरणग्रंथांत आढळतो. वैदिक वाङ्मयात तो नाही. ‘ह’कार शब्दारंभाकडे ओढला जाण्याची प्रवृत्ती भारतीय भाषांना अपरिचित नाही. ‘महिषी’ पासून ‘म्हैस’ आणि ‘महत्तर’ पासून ‘म्हातारा’ ही मराठी रूपे तशीच झाली आहेत. मात्र ही उदाहरणे ‘घर’ पेक्षा बरीच नंतरची आहेत आणि त्यांनी ‘र’ चा उलगडा होत नाही. त्यामुळे ‘घर’ हे ‘गृह’ चेच विकृत रूप होय, असे मानणारा पक्ष अद्यापि असला, तरी ध्वनिनियमांचा पुरावा टर्नरच्या बाजूने अधिक आहे.

चूल व घर : चुलीवरून घराला नाव मिळणे हे अर्थदृष्ट्या असंभाव्य नाही. वैदिक धर्मात अग्नीला ‘गृहपति’ म्हटले आहे व घरातील मुख्य अग्नीला ‘गार्हपत्य’ असे नाव आहे. मराठीत कुटुंब विभक्त होण्याला ‘चुली वेगळ्या होणे’ असे म्हणतात. भारतीय जनगणनेतही एकत्र राहून एकाच स्वयंपाकातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचे मिळून एक कुटुंब धरले जाते. अहमदनगर जिल्ह्यातील जोर्वे (ता. संगमनेर), नेवासे व दायमाबाद (ता. श्रीरामपूर) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांनी इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील वस्तीचा इतिहास उजेडात आणला. जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये, नेवासे येथे १९५४–५६ मध्ये आणि दायमाबाद येथे १९५८–५९ व १९७४–७९ या काळात उत्खनने झाली. या वसाहतींत चोपून केलेल्या जमिनी व चुली असलेल्या घरांचे अवशेष मिळतात; परंतु तेथील लोकांच्या भाषेचा वाचता येईल असा लेख मिळत नाही. म्हणून या चुलींचा आधार ‘घर’ च्या व्युत्पत्तीला देता येत नाही. वस्तूचा इतिहास मातीतून कळतो. शब्दाचा इतिहास लेखन व ध्वनिनियम यांवरूनच ठरवावा लागतो.

यादवकालीन मराठीतील रूपावली : मराठी नामांच्या प्राचीन रूपांचा सर्वांत विपुल साठा तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात व ज्ञानेश्वरीत आहे. ज्ञानेश्वरीची रचना प्रवरा नदीकाठच्या नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये झाली, असे परंपरा मानते. यादव राजा रामचंद्र याच्या कारकीर्दीचा उल्लेख तिच्या अखेरीस आहे. पुढील तीन शतकांत नकलाकारांच्या हातून तिच्या भाषेत फेरफार झाले. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक याने मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथात (१९२०) या रूपांची प्राकृताशी सांगड घातली; वा. गो. परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर केले (१९४१).

महाराष्ट्री प्राकृतात ‘घर’ ची रूपे घरं (प्रथमा), घरेण (तृतीया), घराओ (पंचमी), घरस्स (षष्ठी), घरम्मि किंवा घरे (सप्तमी) आणि अनेकवचनी घराइं (प्रथमा), घराणं (षष्ठी) अशी होतात. अपभ्रंशाच्या अवस्थेत हे प्रत्यय झिजले. यादवकालीन मराठीत त्यांतून पुढील रूपे शिल्लक राहिली : प्रथमा एकवचन ‘घर’, अनेकवचन ‘घरें’ (घराइं यावरून), तृतीया एकवचन ‘घरें’ (घरेण यावरून), सप्तमी ‘घरीं’ (अपभ्रंशातील -हिं या प्रत्ययावरून), सामान्यरूप एकवचन ‘घरा’, अनेकवचन ‘घरां’ (घराणं यावरून). ‘घरा’ हे सामान्यरूप षष्ठीच्या ‘-स्स’ प्रत्ययाचा अवशेष की संस्कृत चतुर्थीच्या ‘-आय’ चा, याविषयी एकमत नाही. प्रथमेचे अनेकवचन व तृतीयेचे एकवचन उच्चाराने एक झाल्याने संदिग्धता निर्माण झाली. पुढे तृतीयेसाठी सामान्यरूपाला ‘ने’ जोडून ‘घराने’ असे रूप रूढ होण्यास तीही साहाय्यभूत झाली असावी.

आधुनिक मराठीतील अवशेष : आजच्या मराठीत विभक्तीचे बहुतेक काम सामान्यरूपाला लागणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात : घराला, घराने, घरात, घरापुढे. तथापि जुन्या प्रत्ययांची काही रूपे अद्यापि जिवंत आहेत. ‘तो घरी आहे’ यातील ‘घरी’ हे जुने सप्तमीचे रूप होय. ते पूर्वी ‘घरीं’ असे अनुस्वाराने लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ‘घरी’ व ‘घरात’ यांच्या अर्थांत भेद आहे. ‘घरात’ म्हणजे वास्तूच्या आत. ‘घरी’ म्हणजे आपल्या राहत्या ठिकाणी, मग तो माणूस अंगणात बसलेला का असेना. ‘घरून’ हे रूपही यादवकालीन ‘घरौनि’ यासारख्या रूपांचे वंशज असून ते सामान्यरूपावर आधारलेले नाही.

षष्ठीतही असाच भेद आढळतो. ‘घराचा दरवाजा’ यात घर म्हणजे वास्तू. ‘घरचा माणूस’ यात घर म्हणजे कुटुंब किंवा आपलेपणाचे ठिकाण. ‘घराचा’ हे सामान्यरूपापासून, तर ‘घरचा’ हे कालचा, वरचा, गावचा यांप्रमाणे स्थलकालवाचक शब्दांना ‘चा’ लागून झालेले रूप आहे. देशावरील ग्रामीण बोलीत ‘घरला जातो’ असा प्रयोग ऐकू येतो. त्यात प्रत्यय सामान्यरूपाशिवाय लागलेला आहे. सामान्यरूपात लुप्त ध्वनींच्या खुणाही राहतात. ‘नेवासे’ या गावाच्या नावाचे सामान्यरूप ‘नेवाशा’ असे होते : नेवाशाला, नेवाशात. यातील ‘स’ चा ‘श’ होण्यास आता ऐकू न येणारा ‘य’ कारणीभूत आहे.

समासांतही शब्दाचा कालक्रम दिसतो. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘घ’ चा ‘ह’ होतो. त्यामुळे प्राचीन समासांत ‘घर’ ओळखू येत नाही : ‘माहेर’ म्हणजे आईचे घर आणि ‘देव्हारा’ म्हणजे देवाचे घर. ‘देवघर’, ‘माजघर’, ‘स्वयंपाकघर’ हे समास नंतरचे असल्याने त्यांत ‘घ’ शाबूत आहे. ‘देव्हारा’ व ‘देवघर’ हे अशा रीतीने एकाच जोडणीचे दोन निरनिराळ्या काळांतील अवशेष होत.

तुलना व निष्कर्ष : ‘*गर्दज़्’ चा इंग्रजीतील वारस ‘यार्ड’ आणि मराठी ‘घर’ यांची वाटचाल एका बाबतीत समांतर आहे. दोन्ही शब्दांचे प्रथमेचे प्रत्यय लोपले आणि नुसते अंग उरले. इंग्रजीत जुन्या विभक्तींपैकी षष्ठीचा ‘स’ तेवढा राहिला. मराठीने सामान्यरूप, ‘घरी’ हे सप्तमीचे रूप व तीन लिंगे राखली. त्यामुळे प्राचीन रूपावलीचा माग मराठीत अधिक सहजपणे घेता येतो.

मात्र या समांतरतेवरून नाते सिद्ध होत नाही. ‘घर’ व ‘गृह’ यांचा अर्थ एक आहे, दोन्ही शब्द कानांना जवळचे वाटतात आणि शेकडो वर्षे ते परस्परांचे पर्याय म्हणून वापरले गेले आहेत. तरीही ‘गहवइ’ या एका शब्दाने त्यांच्या एकत्वाविषयी शंका निर्माण केली. उलट ‘गृह’ व ‘*गर्दज़्’ हे उच्चाराने व स्थलाने दूरचे शब्द असूनही नियमित ध्वनिपरिवर्तनांच्या आधारे त्यांचे नाते संभाव्य ठरते. मराठीतील पुष्कळ शब्दांची व्युत्पत्ती केवळ संस्कृत पर्याय शेजारी ठेवून देण्याची प्रथा आहे. अशा प्रत्येक व्युत्पत्तीची परीक्षा प्राकृत रूपे, शिलालेखांतील पाठ आणि यादवकालीन रूपावली यांच्या आधारे करणे आवश्यक असते, हे ‘घर’ या नित्याच्या शब्दावरून स्पष्ट होते.